कर्नाक पूल: पाडला २७ तासांत, मग नवा उभा राहायला अडीच वर्षं का लागली?

मुंबईत सीएसएमटी आणि मशीद स्टेशनांच्या मधे रुळांवरून जाणारा कर्नाक पूल १९ नोव्हेंबर २०२२ च्या शनिवारी रात्री ११ वाजता पाडायला घेतला. सोमवारी पहाटे २ वाजता शेवटचा मार्ग रेल्वेच्या ताब्यात परत गेला, तेव्हा पूल नव्हता. त्याच जागेवरचा नवा पूल १० जुलै २०२५ ला खुला झाला. मधल्या काळात मशीद बंदर, महंमद अली रोड आणि पी. डि'मेलो रोडवर ज्यांचा रोजचा धंदा आहे, ते एकच प्रश्न विचारत होते: पाडायला एक रविवार पुरला, मग बांधायला एवढी वर्षं कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. ते पुलाच्या लोखंडात, रुळांवरच्या तारेत आणि दोन्ही बाजूंच्या पोहोच रस्त्यांच्या उतारात आहे.

नाव कुणाचं, पूल कशासाठी

सर जेम्स रिव्हेट-कर्नाक हा १८३९ ते १८४१ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. मराठी माणसाला तो आठवायला हवा तो साताऱ्यामुळे. १८३९ मध्ये तो स्वतः साताऱ्याला गेला, प्रतापसिंह छत्रपतींनी आरोप कबूल करून सही करावी असा आग्रह धरला, महाराजांनी ठाम नकार दिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांना गादीवरून दूर करून काशीला धाडलं गेलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे झगडत राहिले. त्या गव्हर्नराचं नाव आधी बंदराला, मग रस्त्याला आणि पुलाला लागलं. रस्ता पुढे लोकमान्य टिळक मार्ग झाला. पुलाच्या नावाला मात्र २०२५ पर्यंत कुणी हात लावला नाही. नव्या पुलाला सिंदूर नाव दिलं, तेव्हा साताऱ्याच्या या जुन्या अन्यायाचा उल्लेख जाहीरपणे झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

पुलाचं काम सरळ होतं. पूर्वेला गोदी आणि बंदरं, पश्चिमेला क्रॉफर्ड मार्केट आणि दाट व्यापारी वस्ती, आणि दोहोंच्या मधे बोरीबंदरहून १८५३ मध्ये सुरू झालेली रेल्वे. माल बंदरावर उतरायचा आणि शहरात यायचा, तर रूळ ओलांडणं भाग होतं. रेल्वेच्या माहितीप्रमाणे हा पूल १८६६-६७ चा. पुढे प्रिन्सेस डॉक (१८८०) आणि व्हिक्टोरिया डॉक (१८८८) झाल्यावर या वाटेवरचा भार आणखी वाढला.

रुळांवरची लांबी सुमारे ५० मीटर, रुंदी १८.८ मीटर आणि सात गाळे. गाळा म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर. ५० ला ७ ने भागलं की एका गाळ्याला जेमतेम सात मीटर येतात. त्या काळी हीच शहाणपणाची पद्धत होती. रुळांच्या जोड्यांमधे खांब उभे करायचे आणि त्यांवर आखूड तुळया टाकायच्या. आखूड तुळई हलकी असते, कारखान्यात सहज बनते आणि साध्या कप्पीने चढवता येते. याच खांबांनी पुढे शंभर-दीडशे वर्षांनी रेल्वेची वाट अडवली. रूळ सरकवायचा नाही, नवा घालायचा नाही, कारण मधे खांब. कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत पाचवी-सहावी मार्गिका आणायची योजना आली, तेव्हा हे जुने पूल तिच्या आड येत होते.

लोखंड थकतं म्हणजे नेमकं काय होतं

"पूल जुना झाला" या वाक्यातून काहीच कळत नाही. दीडशे वर्षांचे धडधाकट पूल जगात आहेत. पुलाचं वय वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा डोळ्यांना दिसत नाहीत.

पहिली गोष्ट पाणी. रुळांवरच्या अशा जुन्या पुलांत तुळयांवर लोखंडी पन्हळी किंवा विटांच्या कमानी, त्यावर भराव आणि त्यावर रस्ता अशी रचना असते. पावसाचं पाणी निघून जायला ठेवलेली भोकं डांबराने, चिखलाने आणि प्लास्टिकने बुजतात. मग पाणी खाली झिरपतं आणि पन्हळीत साचून राहतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्याने हवेत मीठ असतंच. त्यात वाफेच्या इंजिनांचा काळ धरा. कोळशाच्या धुरातला गंधक ओल्या लोखंडावर बसला की आम्ल बनतं, आणि धूर थेट पुलाच्या पोटावर आपटत असे.

दुसरी गोष्ट गंजाची जागा. उघड्या पत्र्यावरचा गंज खरवडून रंग मारता येतो. पण जुन्या तुळया अनेक पत्रे एकावर एक ठेवून, तापवलेल्या रिव्हेटांनी ठोकून जोडलेल्या असतात. दोन पत्र्यांच्या फटीत गंज शिरला की तिथे ब्रश पोचत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो, त्यामुळे तो फटीत फुगतो आणि पत्रे एकमेकांपासून उचकटायला लागतो. दोन रिव्हेटांच्या मधे पत्रा उशीसारखा फुगलेला दिसला, तर आत हे चाललेलं असतं. अखेरीस रिव्हेटाचं डोकं तुटून पडतं.

तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे डांबर. रस्ता खराब झाला की जुन्या थरावर नवा थर टाकायची सवय. कर्नाक पुलाचं क्षेत्रफळ ५० गुणिले १८.८, म्हणजे ९४० चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर जाडीचा एक थर टाकला, तर ४७ घनमीटर डांबरी मिश्रण बसतं. एका घनमीटरचं वजन २.३ ते २.४ टन धरलं, तर एका थरामागे सुमारे ११० टन वजन वाढतं. पाडकामात या पुलातून निघालेलं सगळं लोखंड सुमारे ४५० टनांचं होतं. म्हणजे पुलावर एकही गाडी नसताना, खरवडल्याशिवाय टाकलेला प्रत्येक नवा थर लोखंडाच्या चौथाई वजनाचा कायमचा बोजा टाकून जातो. पुलावर नवा थर देण्याआधी जुना खरवडून काढायचा, हा नियम म्हणूनच आहे.

वरून गाड्याही बदलल्या. पूल बांधला तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या आणि हातगाड्या होत्या. आज दोन आसांच्या साध्या ट्रकला मालासकट १८.५ टनांची परवानगी आहे, आणि त्यातला बराचसा भार मागच्या एका आसावर येतो. म्हणून असा पूल कमजोर ठरला की आधी जड वाहनं बंद होतात आणि मग सगळीच. कर्नाक पुलाचंही असंच झालं. आधी जड वाहनांना बंदी होती. २०१८ मध्ये पूल धोकादायक ठरला. ऑगस्ट २०२२ मध्ये तो वाहतुकीसाठी पूर्ण बंद केला.

२०१८ हे साल योगायोगाचं नाही. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला आणि दोन जीव गेले. त्यानंतर मुंबईतल्या रेल्वेवरच्या ४४५ पुलांची तपासणी आयआयटी मुंबईच्या मदतीने करायचं ठरलं. जे दुखणं आधीपासून होतं, ते तेव्हा कागदावर आलं.

खालून वाढलेली रेल्वे

लोखंड शाबूत असतं, तरी हे पूल फार काळ टिकले नसते. कारण त्यांची उंची.

१८६० च्या दशकात पुलाखालून धुराडं गेलं की काम भागत होतं. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत विजेची पहिली गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली आणि रुळांवर तार आली. ती १५०० व्होल्ट डीसीची होती. हा दाब तुलनेने कमी असल्यामुळे तार पुलाच्या पोटाच्या बरीच जवळून नेता येत होती. पुढे मध्य रेल्वेने २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने मुंबईतला सगळा उपनगरी मार्ग २५,००० व्होल्ट एसीवर नेला.

हा बदल का केला, ते साध्या भागाकाराने कळतं. तेवढीच ताकद द्यायची असेल, तर दाब जवळपास १७ पट वाढवल्यावर तारेतून जाणारा प्रवाह तितकाच कमी होतो. तार बारीक चालते, वाटेतली गळती घटते, उपकेंद्रं लांब लांब ठेवता येतात आणि बारा-पंधरा डब्यांच्या गाडीला दमदार वेग मिळतो. पण २५,००० व्होल्टची तार लोखंडाच्या जवळ नेली, तर स्पर्श न होताही ठिणगी उडी मारते. म्हणून तारेच्या आणि पुलाच्या मधे किमान पाव मीटर मोकळी हवा लागते. त्याखेरीज तार हलते, गाडीच्या टपावरचा वीज घेणारा पेंटाग्राफ तिला वर ढकलतो आणि खडी भरताना रूळही काही सेंटिमीटर वर येतात. हे सगळं धरून नव्या उड्डाणपुलाच्या तळाची उंची रुळाच्या माथ्यापासून ६.२५ मीटर, आणि पुढे रूळ उचलण्याची सोय धरून ६.५२५ मीटर ठेवायची, असं रेल्वेचं माप आहे.

याचा फटका सर्वांत आधी हँकॉक पुलाला बसला. सँडहर्स्ट रोड आणि भायखळ्याच्या मधला हा पूल मुळात १८७९ चा आणि १९२३ मध्ये नव्याने बांधलेला. एसी तार आली आणि उंची कमी पडली. पुलाखालून गाड्या हळू न्याव्या लागत. जानेवारी २०१६ मध्ये १८ तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे तेवढा वेळ गाड्या थांबवून, तो पाडला. त्याच्या जागचा नवा पूल ऑगस्ट २०२२ मध्ये खुला होऊ लागला, तोही अर्धाच. कर्नाक पाडायची वेळ आली, तेव्हा हँकॉकची साडेसहा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

पाडण्याआधीचं पाडकाम

२७ तासांत पूल गायब झाला, असं म्हणताना त्याआधीचे तीन महिने विसरले जातात. ब्लॉकचा प्रत्येक तास मोलाचा असतो. त्यामुळे गाड्या चालू असताना जे जे करता येईल, ते आधी उरकून घेतात.

सुरुवात होते ती पुलाच्या पोटातून आणि बाजूने जाणाऱ्या वाहिन्यांपासून. जुना पूल म्हणजे नुसता रस्ता नसतो. पाण्याचे नळ, विजेच्या आणि टेलिफोनच्या केबली, कधी गॅसची लाइन, हे सारं त्याच्याच आधाराने रूळ ओलांडत असतं. प्रत्येकाचा मालक वेगळा. प्रत्येकाने आपली वाहिनी दुसरीकडे वळवून नवी चालू केल्याशिवाय जुनी तोडता येत नाही. यात नेहमी एक घोटाळा होतो: खोदल्यावर अशी एखादी केबल सापडते जी कुठल्याच नकाशावर नसते. ती चालू आहे की मेलेली, हे ठरवण्यात दिवस जातात. त्यामुळे अनुभवी इंजिनियर नकाशावर विसंबत नाहीत, आधी हाताने चाचणी खड्डे घेतात.

मग रस्ता उतरवायचा. डांबर, त्याखालचा भराव, पदपथ, कठडे. खालून लोकल जात असताना एक दगड जरी पडला तरी अनर्थ. म्हणून खालच्या बाजूला पत्र्यांचा आणि जाळीचा आडोसा बांधतात आणि मोठा ब्रेकर न लावता छोट्या अवजारांनी तुकडे काढतात. हे ओझं काढताना दोन्ही बाजूंनी सारखं काढावं लागतं. एका बाजूचं सगळं आधी उतरवलं, तर दुसऱ्या बाजूच्या वजनाने तुळया पिळवटतात. शेवटी उरतो तो नुसता लोखंडी सांगाडा. ब्लॉकमध्ये उचलायचा तो एवढाच.

ते २७ तास

"मेगाब्लॉक" हा शब्द मुंबईकराच्या रविवारचा भाग आहे. पण अशा कामात दोन वेगळे ब्लॉक एकत्र लागतात. ट्रॅफिक ब्लॉक म्हणजे त्या रुळावर गाडी सोडायची नाही. पॉवर ब्लॉक म्हणजे तारेतला प्रवाह बंद. प्रवाह बंद झाला म्हणून तार सुरक्षित होत नाही. शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेतही वीज उपजते, आणि तिचा धक्का जीवघेणा असू शकतो. म्हणून कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीला जोडून टाकतात. ते अर्थिंगचे दांडे लागल्याची लेखी खात्री मिळेपर्यंत कुणी शिडीवर चढत नाही. त्यानंतर पुलाखालची तार सोडवून बाजूला घेतात.

त्या दिवशी तीन मुदती ठरल्या होत्या. मुख्य मार्ग १७ तास, हार्बर २१ तास आणि मेल-एक्सप्रेसच्या यार्डाचे रूळ २७ तास. हा क्रम गर्दीच्या हिशेबाने लावलेला. ज्या रुळांवर सर्वांत जास्त प्रवासी, त्यांच्या वरचं लोखंड आधी उचलायचं, आणि रविवारची संध्याकाळ होण्याआधी ते रूळ मोकळे करायचे. तरीही सुमारे अकराशे लोकल फेऱ्या रद्द झाल्या. मुख्य मार्गाच्या गाड्या भायखळा, परळ, दादरपर्यंत आणि हार्बरच्या वडाळ्यापर्यंतच आल्या.

कामाला ३५० टनी आणि त्याहून मोठ्या क्रेन होत्या. पूल ४५० टनांचा, क्रेन ३५० टनांची, मग दोन क्रेननी मिळून अख्खा पूलच का उचलला नाही? क्रेनचा आकडा फसवा असतो. ३५० टन ही तिची ताकद वजन तिच्या पायाशी, तीनेक मीटरवर असताना. हात जसा लांब कराल, तशी ताकद झपाट्याने घटते. भरलेली बादली छातीशी धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच इथे. पंचवीस-तीस मीटर लांब पोचायचं, तर ३५० टनांची क्रेन त्या ताकदीच्या अगदी लहान हिश्शापुरतीच उरते. म्हणून पूल त्या मापाच्या तुकड्यांत कापावा लागतो.

एका तुकड्याचं काम असं चालतं. आधी तुकड्याला क्रेनचे पट्टे बांधतात आणि त्याच्या अंदाजी वजनाच्या थोडं खालपर्यंत ताण देतात. मग गॅसकटरने काप. काप घेताना लोखंड आधी लालबुंद तापवावं लागतं आणि मग ऑक्सिजनच्या झोताने ते जळत जातं. जुन्या रंगात शिसं असतं, त्याचा धूर विषारी. कापणाऱ्याच्या तोंडावर नुसता रुमाल असून भागत नाही. ठिणग्या थेट रुळांवर पडतात, म्हणून खालच्या सिग्नलच्या केबली आणि सांधे ओल्या गोणपाटाने आणि पत्र्यांनी झाकून ठेवतात. अखेरचा काप पूर्ण होतो तेव्हा तुकडा किंचित उसळतो, कारण इतकी वर्षं त्यात दबलेला ताण मोकळा होतो. तेवढ्यासाठी त्या क्षणी कापणाऱ्याखेरीज कुणीही जवळ थांबत नाही.

इथे अडचणी ठरलेल्या असतात. तुळई खांबावर ज्या बेअरिंगवर टेकलेली असते, ते गंजून खांबालाच चिकटलेलं असतं. क्रेनचा काटा तुकड्याच्या वजनाच्या वर जायला लागला आणि तुकडा हलत नाही, तर तो अडकलेला आहे असं समजून ताण ताबडतोब सोडायचा. खालून जॅक लावायचा नाहीतर बेअरिंग कापायचं. ओढत राहिलं आणि तो अचानक सुटला, तर क्रेनच कलंडू शकते. दुसरा धोका उंच, निमुळत्या तुळईचा. दोन तुळयांना जोडणारे आडवे बंध आधी कापले, तर एकटी उरलेली तुळई आडवी पडते. म्हणून त्या जोडीनेच उचलतात, नाहीतर आधी टेकू देतात.

तुकडे निघाल्यावरही काम संपत नाही. रुळांमधला एक-एक बोल्ट आणि कापलेला कचरा वेचावा लागतो. लोखंडाचा तुकडा दोन्ही रुळांना टेकून राहिला, तर सिग्नल यंत्रणेला तिथे गाडी उभी आहे असंच वाटतं. तार पुन्हा बांधून टॉवर वॅगनवरून, म्हणजे तारेच्या कामासाठीच्या उंच मचाणाच्या गाडीवरून, तिची उंची आणि डावी-उजवीकडची ओढ मोजतात. अर्थिंग काढल्याची मोजदाद होते. मग प्रवाह चालू, आणि पहिली गाडी हळू चालीने.

खांबांवरच्या बांधकामातून पुलाचं नाव इंग्रजी, मराठी आणि गुजरातीत कोरलेले दगडही निघाले. ते जतन करायला वेगळे काढून ठेवले. एवढ्या घाईत ते फुटू न देता उतरवले, याचं मनापासून कौतुक वाटतं.

मग अडीच वर्षं कशात गेली

नव्या पुलाचा रुळांवरचा भाग ७० मीटरचा आहे, आणि मधे एकही खांब नाही. सगळं उत्तर या एका वाक्यात दडलेलं आहे.

तुळईला वाकवणारा जोर गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गाळा दुप्पट, तर जोर चौपट. जुना गाळा सात मीटरचा, नवा सत्तर मीटरचा. म्हणजे दर मीटरला तेवढंच ओझं धरलं, तरी वाकवणारा जोर शंभर पट. त्यामुळे जिथे आधी सगळ्या पुलात मिळून ४५० टन लोखंड होतं, तिथे आता दोन महाकाय तुळया आहेत आणि प्रत्येकीचं वजन पाचशे टनांहून जास्त. अशी तुळई एका तुकड्यात शहरात आणता येत नाही. कारखान्यात सुटे भाग बनतात, तिथेच एकदा जुळवून बघतात, मग सोडवून ट्रेलरवर रात्रीच्या वेळी आणतात आणि रुळांच्या कडेला पुन्हा बोल्टांनी जोडतात.

पण त्याआधी कागद. पुलाचा रुळांवरचा भाग रेल्वेच्या हद्दीत, पोहोच रस्ते महापालिकेचे. खांब कुठे, उंची किती, रुंदी किती, हे दाखवणाऱ्या मूळ आराखड्यावर दोघांची सही लागते. त्यात एक सेंटिमीटर बदलला, तर फेरी पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर पाया. चालू रुळांच्या शेजारी खोल खोदकाम करताना रूळ खचू नये, म्हणून हळू जावं लागतं.

सर्वांत किचकट काम तुळई रुळांवर सरकवण्याचं. ती एका काठावर, तात्पुरत्या टेकूंवर, तयार होते. ब्लॉक मिळाला की जॅक किंवा विंचने ती इंचाइंचाने पुढे ढकलतात. समोरचा काठ गाठेपर्यंत तिचं टोक अधांतरी असतं, त्यामुळे मागे पुरेसं वजन राहील आणि ती पुढे झुकणार नाही याचा हिशेब दर टप्प्याला करावा लागतो. पलीकडे पोचल्यावर ती जॅकवर धरून थोडी थोडी खाली आणत बेअरिंगवर बसवतात. चारही कोपरे एकाच वेळी सारखे उतरले नाहीत, तर तुळईला पीळ पडतो. यात काही मिलिमीटर चुकलं, तरी थांबून पुन्हा उचलावं लागतं. पहिली तुळई ऑक्टोबर २०२४ मध्ये बसली. दुसरीच्या वेळी, २६ जानेवारी २०२५ ला, पहाटे संपायचा ब्लॉक सकाळपर्यंत लांबला आणि प्रवाशांचे फार हाल झाले. पाचशे टनांची तुळई अर्ध्या वाटेवर असताना काम सोडून गाड्या चालू करता येत नाहीत. म्हणून अशा ब्लॉकची मुदत ठरवताना जास्तीचे दोन-तीन तास आधीच धरलेले बरे, आणि लोकांना तसं सांगितलेलं त्याहून बरं.

बेअरिंगचं एक बारीक काम सांगायला हवं. पोलाद एका अंशाला दर मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ७० मीटरची तुळई हिवाळ्याच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत ३० अंशांनी तापली, तर सुमारे २५ मिलिमीटर लांबते. म्हणून एका टोकाला ती घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सरकती ठेवतात, आणि रस्त्यात तेवढी फट सोडून तिच्यावर सांधा बसवतात. पुलावर चढता-उतरताना जो धाडकन आवाज येतो, तो याच सांध्याचा.

उतार आणि पायी चालणारे

पूल उंच झाला की पोहोच रस्ता लांबतो. शहरातल्या पुलाला साधारण ३० मीटरला १ मीटर, याहून तीव्र चढ देत नाहीत. म्हणजे पूल १ मीटर उंचावला, तर दोन्ही बाजूंना ३०-३० मीटर रस्ता जास्त लागतो. मुंबईत तेवढी जागा आधीच दुकानांनी, गोदामांनी आणि चौकांनी व्यापलेली असते.

हे गणित चुकलं की काय होतं, ते अंधेरीत दिसलं. नवा गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्धा खुला झाला, तेव्हा त्याला मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल जुन्याच उंचीवर खाली राहिला होता. अखेर बर्फीवाला पूल जॅकने एका बाजूला १,३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलून जुलै २०२४ मध्ये जोडावा लागला. जॅकचं काम उत्तम झालं यात शंका नाही. पण ते करावंच लागू नये, अशी सोय आराखड्यातच असायला हवी होती.

आणि पादचारी. हँकॉक पूल पाडल्यावर डोंगरी-माझगावकडची माणसं, शाळेची मुलंसुद्धा, रूळ ओलांडून जाऊ लागली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. वाहनाला दोन किलोमीटरचा वळसा म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. डोक्यावर ओझं असलेल्या हमालाला तोच वळसा अर्ध्या तासाचा. ज्याला घाई आहे तो रुळांतूनच जाणार. म्हणून पूल बंद करायच्या आधी तात्पुरता पादचारी पूल, किंवा निदान जवळच्या स्टेशनच्या पुलावरून तिकिटाशिवाय जायची वाट, चालू व्हायला हवी.

शीवचा १९१२ चा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये आणि एल्फिन्स्टनचा सप्टेंबर २०२५ मध्ये वाहनांसाठी बंद झाला. तुमच्या भागातल्या पुलावर असा फलक लागला, तर वॉर्ड ऑफिसात तीन गोष्टी लेखी मागा: मूळ आराखड्यावर रेल्वे आणि महापालिका दोघांच्या सह्या कोणत्या तारखेच्या आहेत, पोहोच रस्त्याची नवी उंची चौकाला किती मीटरवर मिळते, आणि पायी जाणाऱ्यांची वाट पाडकामाच्या पहिल्या दिवसापासून कुठून असेल.